बदक हातातच यायला हवं: तरुण लॅब्राडॉरला ‘धर’ आणि ‘सोड’ शिकवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेत मिनेसोटात राहतो. आठ महिन्यांचा लॅब्राडॉर नर आहे. घरात चेंडू आणून देतो. बाहेर डमी (पक्ष्याऐवजी सरावाला फेकायची वस्तू) फेकली की सुसाट जातो, उचलतो. पण मग कधी ती घेऊन मैदानभर पळतो, तर कधी माझ्यापासून चार-पाच पावलांवर टाकून पुढच्या फेकीची वाट बघत उभा राहतो. सप्टेंबरअखेर बदकांचा मोसम सुरू होतो, म्हणजे हातात पाच-साडेपाच महिने आहेत. पक्षी हातात आणून द्यायला कसं शिकवावं? इथे काही जण कान चिमटून शिकवतात, ते करावं का?

पक्षी आणणं आणि तो हातात देणं हे कुत्र्याच्या दृष्टीने दोन वेगळे धडे आहेत, इथूनच सुरुवात करायला हवी. शिकारी कुत्रा म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे कारवानी किंवा मुधोळ येतो: नजरेने सावज हेरणारा, वाऱ्यासारखा धावून ते जागेवर धरणारा. लॅब्राडॉरचं घराणं निराळं. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर पाण्यात काम करणारी कुत्री १९व्या शतकात ब्रिटनमध्ये आली, माल्म्सबरी आणि बक्लू या सरदार घराण्यांनी ती पडलेले पक्षी उचलून आणण्यासाठी जोपासली, आणि १९०३ साली तिथल्या केनेल क्लबने त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. तोंडात काहीतरी धरून मिरवावं ही ओढ तुमच्या कुत्र्याला जन्मतः मिळालेली आहे. मिळालेली वस्तू दुसऱ्याला देऊन टाकावी ही मात्र कोणत्याच कुत्र्याची उपजत वृत्ती नसते. ती शिकवावी लागते, आणि घाईत शिकवली की बिघडते.

चार पावलांवर टाकलं तर बिघडलं काय, असं डमीच्या बाबतीत वाटू शकतं. बदकाच्या बाबतीत फार बिघडतं. छऱ्याने पंख मोडलेलं पण जिवंत बदक कुत्र्याने काठावर ठेवलं आणि अंग झाडायला लागला, की ते पाणकणसांत शिरतं किंवा पुन्हा पाण्यात जाऊन बुडी मारतं. मग ते सापडत नाही, आणि कुठेतरी हाल होऊन मरतं. मारलेला किंवा जखमी केलेला पक्षी परत मिळवण्याचा रास्त प्रयत्न करणं हे अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार शिकाऱ्यावर बंधनकारक आहे. नियम नसता तरी ते कर्तव्यच होतं. कुत्रा बरोबर न्यायचं खरं कारण हे आहे, म्हणून ‘हातात’ या शब्दावर इतका जोर.

आधी दुखणं ओळखा

तुमच्या प्रश्नात दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत. डमी घेऊन पळणारा कुत्रा सांगतो आहे की ती वस्तू तुमच्या हातात गेली की त्याचा आनंद संपतो. चार पावलांवर टाकणारा कुत्रा सांगतो आहे की त्याला पुढच्या फेकीची घाई आहे आणि धरून ठेवणं हे काम आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. तिसरा प्रकार, हातापर्यंत येऊन न सोडण्याचा, तुमच्याकडे अजून दिसत नाही. पण घरात मुलं त्याच्याशी मोजा किंवा दोरी ओढायचा खेळ खेळत असतील तर तो आजच बंद करा.

पळण्याचं मूळ बहुधा घरातच असतं. पिल्लू चप्पल उचलतं, घरातले ओरडत मागे धावतात, कोपऱ्यात गाठून जबड्यातून चप्पल हिसकावतात. त्यातून ते दोन गोष्टी शिकतं: तोंडात काही असलं की माणसं पाठलाग करतात, आणि माणूस जवळ आला की वस्तू जाते. यापुढे त्याने चप्पल, उशी, रिमोट, काहीही तोंडात धरून आणलं तर खाली बसा, छाती-मान चोळा, वस्तू तोंडात असतानाच अर्धा मिनिट कौतुक करा आणि मग शांतपणे काढून घ्या. हा नियम आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळ्यांनी पाळायचा. एकाने जरी पाठलागाचा खेळ चालू ठेवला तर बाहेरची मेहनत वाया जाते.

‘धर’चा धडा पुरा होईपर्यंत, म्हणजे पुढचे पाच-सहा आठवडे, बाहेर काहीही फेकू नका. हे बहुतेकांना जड जातं, पण चुकीची उजळणी थांबवल्याशिवाय नवं शिकवता येत नाही. याच काळात त्याचं तोंड उघडून दात पाहा. कुत्र्याचे २८ दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत कायमचे ४२ येतात. दुधाचा एखादा सुळा पक्क्या सुळ्याशेजारी अडकून राहिला असेल किंवा हिरडी सुजलेली असेल तर धरायला दुखतं, आणि दुखणारं तोंड वस्तू टाकतं. तसं काही दिसलं तर आधी पशुवैद्य.

शब्दांचा घोळ

घरात मराठी बोलत असाल तर आज्ञा मराठीत द्यायला काहीच हरकत नाही, पण शब्द कानाला वेगळे लागायला हवेत. ‘ये’ आणि ‘दे’ दुरून एकसारखेच ऐकू येतात. कुत्रा पक्षी घेऊन येत असताना तुम्ही ‘ये, ये’ म्हणालात आणि त्याने ‘दे’ समजून तो टाकला, तर चूक त्याची नाही. ‘बस’चंही तसंच. जेवताना, फोनवर, मुलांवर रागावताना आपण दिवसातून पन्नास वेळा ‘बस’, ‘बास’ म्हणतो आणि तो शब्द कुत्र्याच्या कानी बोथट होतो. बसायला ‘सिट’, उचलून आणायला ‘आण’, तोंडात ठेवायला ‘धर’, द्यायला ‘सोड’ आणि परत बोलवायला शिट्टी, एवढ्यावर काम भागतं. शिट्टी ॲक्मी कंपनीची २११.५ क्रमांकाची घ्या, बरेच लॅब्राडॉरवाले तीच वापरतात, आणि हरवली तर त्याच स्वराची दुसरी मिळते. शिट्टीवर परत येणं, पट्ट्याशिवाय शेजारी चालणं आणि सांगितलं की बसून राहणं, या तीन गोष्टी कच्च्या असतील तर ‘धर’च्या धड्याबरोबरच त्याही पक्क्या करत राहा.

‘धर’चा धडा

सगळ्या कामाचं सार इथे आहे, म्हणून यावर वेळ घालवा.

साधन साधं आहे: मॉपच्या लाकडी दांड्याचा २० ते २५ सेंटीमीटर लांब, साधारण अडीच सेंटीमीटर जाड तुकडा, टोकं सँडपेपरने गुळगुळीत केलेली. रंगकामाच्या रोलरची आखूड केसांची नळीही उत्तम चालते, कारण तिचा स्पर्श पिसांच्या जवळ जातो. मऊ, कापूस भरलेली खेळणी नकोत. मऊ वस्तू चावायचा मोह होतो. जागा गॅरेजसारखी, शांत, दुसरं काही हुंगायला नसलेली. तुमच्या कमरेहून थोडा खाली येईल असा मजबूत बाक किंवा टेबल असेल तर कुत्र्याला त्यावर बसवा आणि घसरू नये म्हणून खाली रबरी चटई टाका. उंचीचा फायदा असा की तुम्हाला त्याच्यावर वाकावं लागत नाही. अंगावर वाकणारा माणूस कुत्र्याला धाकाचा वाटतो आणि धाकाखाली जबडा सैल पडतो.

डावा हात त्याच्या गळपट्ट्यात. उजव्या हाताने दांडकं ओठांशी आणा, तोंड उघडलं की सुळ्यांच्या लगेच मागे आडवं ठेवा. दाढांपर्यंत ढकलू नका, तिथे गेलं की चघळणं सुरू होतं. खालचा ओठ दात आणि लाकूड यांच्यात चिमटलेला नाही ना, हे बोटाने तपासा. चिमटला असेल तर धरणं म्हणजे दुखणं असं त्याच्या मनात कायमचं बसतं. आता हनुवटीखाली दोन बोटांचा हलका आधार द्या, ‘धर’ म्हणा, एक सेकंद थांबा, दोन्ही हातांनी टोकं पकडून ‘सोड’ म्हणा आणि काढून घ्या. एवढंच. दांडकं तोंडात असताना आवाज गोड, हात छातीवर. काढून घेतल्यावर गप्प. नवखे नेमकं उलटं करतात: सोडल्यावर ‘शाब्बास’चा गजर करतात, आणि कुत्रा लवकर सोडायला शिकतो.

एका वेळी आठ-दहा आवर्तनं, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. एका सेकंदाचे तीन, तीनाचे पाच, दहा, तीस. पहिले तीन-चार दिवस बिस्किटाचा तुकडा द्यायला हरकत नाही, पण डबा त्याच्या नजरेआड फळीवर ठेवा आणि सोडल्यानंतर दोन-तीन सेकंदांनी द्या. बिस्किट हातात दिसत असेल तर तो दांडकं थुंकून तोंड रिकामं करणारच. पाचव्या दिवसापासून खाऊ कमी करत न्या. तोंडात वस्तू असताना मिळणारं कौतुक हेच त्याचं बक्षीस व्हायला हवं.

तीस सेकंद शांत धरायला लागला की हाताची सवय घाला. चार पावलांवर टाकण्यावरचा खरा इलाज हाच आहे. तुमचा हात पुढे येणं म्हणजे ‘सोड’ची खूण, असं बहुतेक कुत्री स्वतःच ठरवून टाकतात, पुढे-पुढे नुसतं तुम्ही दिसणं हीच खूण होते. म्हणून दहापैकी पाच-सहा वेळा हात पुढे न्या, दांडक्याच्या टोकाला टिचकी मारा, डोकं कुरवाळा आणि हात मागे घ्या. काढून घेऊ नका. टाकलं तर रागावू नका; न बोलता उचलून परत तोंडात, ‘धर’, आणि यावेळी दोनच सेकंद. हात जवळ आला तरी ‘सोड’ ऐकल्याशिवाय जबडा उघडायचा नाही, हे कळायला साधारण एक आठवडा लागतो.

पुढची पायरी चालण्याची, आणि इथे जवळजवळ प्रत्येक कुत्रा अडतो. बसून तीस सेकंद धरणारा कुत्रा पहिलं पाऊल टाकताच दांडकं टाकतो. तो हट्ट करत नाही. ‘धर’चा अर्थ त्याच्यालेखी ‘बसून धर’ एवढाच असतो. जमिनीवर घ्या, गळपट्टा धरा, एकच पाऊल, थांबा, ‘सोड’. मग तीन पावलं. मग गॅरेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग वळण, उंबरठा, दोन पायऱ्या. वेळ, चालणं आणि अंतर यांतली एका वेळी एकच गोष्ट वाढवा. दोन गोष्टी एकदम वाढवल्या आणि फसलं, तर कशामुळे फसलं ते तुम्हालाही कळणार नाही.

चालताना धरायला लागला की त्याला पुढे होऊन घ्यायला शिकवा. दांडकं तोंडापुढे दोन इंच धरून ‘आण’, मग वीतभर, मग गुडघ्यापाशी, मग जमिनीवर, पण तुमचा हात त्यावर, शेवटी हात बाजूला. मग वस्तू बदला: कापडी डमी, प्लास्टिकची डमी, जुना कातडी हातमोजा, अर्धा किलोची जड डमी. प्रत्येक नवी वस्तू म्हणजे दोन दिवस मागे जाणं, ते गृहीत धरा. हे सगळं व्हायला पाच ते सहा आठवडे लागतात. तीन आठवड्यांत झालं असं वाटलं तर बहुधा काहीतरी राहिलेलं असतं.

चघळणं आणि घट्ट पकडणं यांत फरक करा. चघळणारा कुत्रा कंटाळलेला किंवा गोंधळलेला असतो. धडा आखूड करा, हनुवटीखाली बोटाने हलकं थोपटा, जबडा स्थिर झाला की त्याच क्षणी कौतुक. घट्ट पकडून न सोडणाऱ्याकडून कधीही ओढू नका. ओढलं की तो जास्त आवळतो, आणि हीच सवय पुढे पक्ष्याच्या बरगड्या चिरडते. दांडकं किंचित आत, घशाच्या दिशेने दाबून स्थिर धरा आणि वाट पाहा. जबडा आपोआप सैल होतो, तेव्हा वरच्या बाजूला फिरवत बाहेर घ्या. ब्रिटिश फील्ड ट्रायलमध्ये, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या मैदानी स्पर्धेत, परीक्षक आणलेल्या पक्ष्याच्या दोन्ही बाजूंच्या बरगड्या बोटांनी चाचपतात आणि त्या कुत्र्याने चिरडलेल्या आढळल्या तर त्याला बाद करतात. तुम्हीही प्रत्येक पक्षी असाच चाचपत जा, म्हणजे खोड पहिल्या आठवड्यात कळेल.

कान चिमटण्याबद्दल

अमेरिकेत ‘फोर्स फेच’ नावाची जुनी पद्धत आहे: कानाची पाळी चिमटायची किंवा पायाच्या बोटाला दोरी बांधून ओढायची, कुत्र्याने दांडकं तोंडात घेतलं की वेदना थांबवायची. अनुभवी प्रशिक्षक ती वापरतात कारण त्यातून न आणण्याचा पर्यायच संपतो, आणि नीट पूर्ण केली तर कुत्रा भरवशाचा होतो, हे खरं आहे. तरीही माझं उत्तर ‘नको’ असं आहे. त्या पद्धतीत दाब कधी सोडायचा याची वेळ क्षणाच्या अंशाची असते; पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याला ती साधत नाही. अर्ध्यात सोडली तर डमी दिसताच शेपूट पायांत घालणारा कुत्रा तयार होतो आणि त्याला परत उभं करायला वर्ष जातं. ज्याला उचलायची एवढी हौस आहे त्याला वेदनेची गरज नाही. त्याला धरण्याचा अर्थ सांगायची गरज आहे. विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्याबद्दलही हेच. ‘धर’च्या धड्यात त्याला जागा नाही.

पुन्हा फेकायला सुरुवात

पहिली फेक घराच्या बोळात. सगळी दारं बंद, एका टोकाला भिंत, दुसऱ्या टोकाला तुम्ही. पळायला जागाच नाही, त्यामुळे उचलल्यावर एकच वाट उरते. चार-पाच मीटर फेका, तो उचलताच खाली बसा, अंग थोडं तिरपं ठेवा, डोळ्यांत रोखून पाहू नका. आला की हात आधी छातीवर आणि मानेवर. डमीला हातच लावायचा नाही. दहा-पंधरा सेकंद मिरवू द्या, मग हनुवटीखालून हात नेऊन ‘सोड’. वरून झडप घालू नका. डमी घेतल्यावर दोनातल्या एका खेपेला ती परत त्याच्याच तोंडात द्या आणि बरोबर चार पावलं चाला. हातात दिलं म्हणजे गेलं असं नाही, हे त्याला दिसू द्या.

बाहेर आलात की नऊ-दहा मीटरची हलकी दोरी गळपट्ट्याला लावा, टोकाला गाठ किंवा फास नको, नाहीतर झुडपात अडकेल. दोरी मासा ओढल्यासारखी ओढायची नाही. पळायचा मार्ग बंद करायला ती आहे. उचलताच शिट्टी द्या आणि तुम्हीच उलट दिशेने पळा. कुत्रा घेऊन पळतो तेव्हा मागे धावणं ही सगळ्यात महागडी चूक, कारण तो खेळ तो नेहमीच जिंकतो.

कापलेल्या गवतावर १५ ते २० मीटर पुरे. पांढरी डमी वापरा. कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, त्यामुळे माणसाला भडक वाटणारी नारिंगी डमी त्याला गवतात मळकट दिसते. ती नाकाच्या सरावासाठी ठेवा. एका वेळी चार फेकी, त्यातल्या दोन तुम्ही स्वतः चालत जाऊन उचलून आणायच्या आणि तो बसून बघेल. प्रत्येक पडलेली वस्तू आपलीच असं त्याला वाटायला लागलं की बंदुकीच्या आवाजाबरोबर तो होडीतून उडी मारतो, आणि तिथे ते जिवावर बेतू शकतं. डमी पडल्यावर मनात पाच मोजा, मगच ‘आण’. पाचवी फेक मागत असतानाच थांबायचं. कंटाळलेला कुत्रा पहिली गोष्ट कोणती टाकत असेल तर ती हातात देण्याआधीची शेवटची चार पावलं. समोर येऊन बसूनच द्यायला हवं, हा हट्ट एवढ्यात धरू नका. लवकर ‘सिट’ मागितलं की बसताना टाकतात. उभ्याने दिलं तरी चालेल. बसणं पुढच्या वर्षी.

पाणी

मिनेसोटातली तळी एप्रिलमध्ये बर्फातून मोकळी होतात, पण पाणी हाडं गोठवणारं असतं. पिल्लाचा पहिला अनुभव त्या पाण्यात नको. जून उजाडू द्या. उतरता, वाळूचा काठ निवडा जिथे त्याला आधी चालता येईल, मग पोहता.

इथे नवी अडचण येते. पाण्यातून बाहेर पडताच कुत्रा अंग झाडतो आणि झाडताना तोंडातलं टाकतो. यावर ओरडून उपयोग नाही, ती शरीराची गरज आहे. तुम्ही गमबूट घालून घोटाभर पाण्यात उभे राहा आणि त्याचे पाय तळाला लागताच, झाडण्याआधी, डमी घ्या. मग ‘शाब्बास’ आणि झाडू द्या. दर दोन-तीन दिवसांनी अर्धं पाऊल मागे सरका. काठावर, मग काठापासून एक मीटर, मग तीन. महिन्याभरात ‘आधी देणं, मग झाडणं’ हा क्रम बसतो. घाईने पाच मीटर मागे गेलात की पुन्हा पाण्यात उभं राहावं लागतं.

एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त पोहवू नका. जाड वस्तू धरून पोहताना तोंड उघडं राहतं आणि पाणी पोटात जातं. फार गेलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. पोट फुगणं, उलटी, झोकांड्या ही लक्षणं दिसली तर थेट दवाखाना. जुलै-ऑगस्टमध्ये पाण्यावर हिरव्या रंगासारखा तवंग दिसला तर त्या तळ्यावर जाऊच नका. त्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या विषाने कुत्रा काही तासांत मरू शकतो.

लॅब्राडॉरबद्दल आणखी एक. जोराचं, उत्तेजित काम पाच ते वीस मिनिटं चाललं की मागचे पाय लुळे पडणं हा या जातीत आढळणारा आनुवंशिक आजार आहे. त्यामागचा डीएनएम१ जनुकातला दोष २००८ साली प्रसिद्ध झाला आणि त्या संशोधनात तुमच्याच मिनेसोटा विद्यापीठाचा मोठा वाटा होता. तिथे चाचणीही होते. पिल्लाच्या आई-वडिलांच्या कागदांत ती नसेल तर पाण्याचं काम वाढवण्याआधी करून घ्या.

डमीपासून पक्ष्यापर्यंत

डमी निर्दोष आणणारा कुत्रा पहिल्या खऱ्या पक्ष्यापाशी थबकतो, हुंगतो, पंखाला धरून ओढतो किंवा त्यावर लोळतो. पिसं जिभेला चिकटतात, मान लोंबते, वासही अनोळखी. म्हणून पायऱ्या बारीक ठेवा. आधी डमीला रबरबँडने वाळलेला पंख बांधा. मग थंड, कोरडं, रक्त नसलेलं कबूतर जुन्या नायलॉनच्या मोज्यात घालून द्या. पिसं तोंडात येत नाहीत आणि वास मिळतो. मग मोज्याशिवाय, पण पंख अंगाशी रबरबँडने बांधून. मग टीलसारखं ३००-४०० ग्रॅमचं लहान बदक, आपल्याकडच्या चक्रांगाच्या मापाचं. शेवटी किलो-सव्वा किलोचं मॅलार्ड. प्रत्येक पायरीवर आधी ‘धर’ आणि चालणं, मग फेक. फ्रीजरमधला अर्धवट गोठलेला पक्षी सुरुवातीला चांगला, कारण तो कडक असतो. वितळून लिबलिबीत झाला की चावायला आमंत्रणच. चार-पाच वेळा वापरून टाकून द्या.

सरावासाठी मेलेला सापडलेला रानपक्षी कधीही उचलू नका. २०२२पासून अमेरिकेतल्या रानपक्ष्यांत एच५एन१ बर्ड फ्लू आहे, आणि २०२३ साली कॅनडात ओंटारिओमध्ये रानातली मेलेली गूज (बदकाहून मोठा, हंसासारखा पक्षी) चघळलेला एक पाळीव कुत्रा त्याने दगावला. कच्चं मांस, आतडी कुत्र्याला घालू नका, हात धुवा.

महाराष्ट्रात लॅब्राडॉर पाळणाऱ्यांनी हा सगळा धडा डमीवरच संपवावा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, आणि उजनी किंवा नांदूर मध्यमेश्वरच्या काठावर हिवाळी बदकं असताना कुत्रा मोकळा सोडणंही चूकच. पंखच हवा तर चिकनच्या दुकानातून गावठी कोंबडीचा घ्यावा.

बंदूक आणि पहिला मोसम

कुत्र्याला सवय व्हावी म्हणून गोळीबाराच्या रेंजवर नेणं हा त्याला कायमचा भित्रा करण्याचा खात्रीचा उपाय आहे. मदतनीस शंभर मीटरवर उभा करा. डमी हवेत असताना, कुत्र्याचं पूर्ण लक्ष तिच्यावर असताना, त्याने कोऱ्या काडतुसाचा एकच बार काढावा. कान मागे गेले, शेपूट खाली आली तर अंतर वाढवा. काहीच फरक पडला नाही तर पुढच्या वेळी दहा-पंधरा मीटर जवळ. या कामाला चार-सहा आठवडे द्या, आणि ४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, फटाक्यांच्या रात्री त्याला आतल्या खोलीत ठेवा.

सप्टेंबरअखेर तो साडेतेरा महिन्यांचा असेल. त्या वयात त्याच्याकडून पूर्ण मोसमाची अपेक्षा करू नका. पहिल्या दोन-तीन सकाळी बंदूक मित्राच्या हाती द्या, तुम्ही फक्त कुत्रा सांभाळा. दोन्ही कामं एकत्र केली की डोळे आकाशाकडे जातात आणि कुत्रा मनाचे नियम करतो. त्याला पाठवायचं ते मेलेल्या, उघड्या पाण्यात किंवा कापलेल्या काठावर पडलेल्या बदकासाठीच. जखमी, फडफडणारा पक्षी मित्राने पुन्हा बार टाकून आधी शांत करावा. चोच मारणाऱ्या, नख्यांनी ओरबाडणाऱ्या बदकाशी पहिल्याच दिवशी गाठ पडली तर काही कुत्री उचलायलाच भितात आणि काही चावून गप्प करायला शिकतात. दुसरी खोड पहिलीहून वाईट. कॅनडा गूज तर या वर्षी नकोच. चार-पाच किलोंचा तो पक्षी पंखाच्या फटक्याने तरुण कुत्र्याला मागे रेटतो.

गरम, नुकतं पडलेलं बदक थंड बदकापेक्षा वेगळं लागतं. त्यामुळे पहिल्या खऱ्या आणणीत तो तुमच्यापासून काही पावलांवर थांबला, पकड बदलायला खाली ठेवलं, तर पुढे जाऊन हिसकावू नका. दोन पावलं मागे सरका, खाली बसा, ‘धर’ म्हणा. परत उचलून आला की तेच कौतुक, तेच हनुवटीखालून. दोन बदकं झाली की त्याला पट्टा लावून शेजारी बसवा आणि उरलेले पक्षी स्वतः आणा. घरी गेल्यावर शेपूट बुडापाशी ताठ आणि पुढे लुळी लोंबताना दिसली तर घाबरू नका. थंड पाण्यात पोहलेल्या लॅब्राडॉरमध्ये हे आढळतं. उबदार जागा, विश्रांती, आणि तीन-चार दिवस पाणी बंद. दुखत असेल तर पशुवैद्याकडून औषध घ्या, माणसाची गोळी देऊ नका. त्या दिवसांत गॅरेजमध्ये दांडक्यावरचा पाच मिनिटांचा ‘धर’ मात्र चालू ठेवा.